‘सेफ’ रकान्यातलं विद्यापीठ

एमएससाठी अमेरिकेला निघालेल्या मुलांना सल्लागार विद्यापीठांची तीन रकान्यांची यादी देतात: अ‍ॅम्बिशियस, मॉडरेट आणि सेफ. तिसऱ्या रकान्याकडे आईवडील नाक मुरडूनच बघतात. तिथे प्रवेश सहज मिळतो, म्हणजे त्यात काही दम नसणार, असा सरळ हिशेब. बारावीनंतरच्या कॅप राउंडमध्ये कट-ऑफवरून कॉलेजची लायकी ठरवायची सवय अंगवळणी पडलेली असते, तीच आपण समुद्रापार नेतो.

हा हिशेब किती फसवा आहे ते डायना नातालिसियो यांचं काम पाहिलं की कळतं. 1988 ते 2019 अशी तब्बल 31 वर्षं त्या एल पासो इथल्या टेक्सास विद्यापीठाच्या, म्हणजे ‘यूटेप’च्या, अध्यक्ष होत्या. एल पासो अगदी सीमेवर आहे. रिओ ग्रांदे नदी ओलांडली की मेक्सिकोतलं हुआरेस. यूटेपचे 80 टक्क्यांहून अधिक विद्यार्थी हिस्पॅनिक, बहुतेक मेक्सिकन वंशाचे. घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी असलेले, नोकरी सांभाळून शिकणारे, शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा येणारे असे त्यात पुष्कळ. (या विद्यापीठाच्या इमारती मात्र चक्क भूतानी धाटणीच्या आहेत. फोटो पाहून चुकीच्या वेबसाइटवर आलो असं वाटू देऊ नका.)

नातालिसियो स्वतः हिस्पॅनिक नव्हत्या. त्या सेंट लुइसच्या, जर्मन वंशाच्या. पण कॉलेजात जाणारी घरातली पहिली पिढी म्हणजे काय, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. शाळा संपल्यावर त्यांनी एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, मग कॉलेज, पुढे भाषाशास्त्रात पीएचडी. त्या अध्यक्ष झाल्या तेव्हा अशा विद्यापीठांना बहुतेक लोक एकच सल्ला देत: दर्जा वाढवायचा तर दार अरुंद करा. त्यांनी दार उघडंच ठेवलं आणि संशोधन वाढवलं. विद्यार्थी सुमारे 15 हजारांवरून 25 हजारांपुढे गेले. डॉक्टरेटचा एकच अभ्यासक्रम होता, त्याचे 22 झाले. संशोधनावरचा वार्षिक खर्च 60 लाख डॉलरवरून 9 कोटींच्या पुढे गेला. 2018 च्या कार्नेगी वर्गीकरणात यूटेप ‘आर-1’ या सर्वोच्च संशोधन गटात पोचलं, तेही पदवीसाठी अर्ज करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला प्रवेश देत असताना. 2011 मध्ये मेक्सिकोनं त्यांना ‘अ‍ॅझ्टेक ईगल’ हा परदेशी व्यक्तींसाठीचा आपला सर्वोच्च सन्मान दिला. 2016 मध्ये ‘टाइम’नं जगातल्या 100 प्रभावी व्यक्तींत त्यांचं नाव घेतलं. 2021 मध्ये त्या गेल्या.

हे जमलं कसं? त्यांनी गावातल्या शाळा आणि कम्युनिटी कॉलेज यांच्याशी संधान बांधलं, म्हणजे मूल दारात येण्याआधीच त्याची तयारी सुरू होईल. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत घेतलं. आणि कॅम्पसवरच कामं दिली. हॉटेलात रात्रपाळी करणारा मुलगा सकाळच्या तासाला पेंगतो. ग्रंथालयात किंवा प्राध्यापकाच्या हाताखाली काम करणारा तिथेच शिकत राहतो. भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावायला नको.

त्यांच्यावर टीकाही झाली. चार वर्षांत पदवी पूर्ण करणारे इथे फार थोडे, हा मुख्य आक्षेप. त्यांचं उत्तर असं की हा सरकारी आकडा फक्त पहिल्यांदाच, पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यांचा. कम्युनिटी कॉलेजातून आलेला किंवा अर्धवेळ शिकणारा विद्यार्थी त्यात मोजलाच जात नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण पालकांनी त्यावर लगेच टेकू नये. आपलं मूल पूर्णवेळच शिकणार असतं, आणि डोक्यावर कर्ज घेऊन गेलेल्या मुलाला एक जादा सेमिस्टर परवडत नाही. त्यामुळे आकडा विचाराच, फक्त तो कोणाला मोजतो हेही विचारा.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या पानांवर ‘हिस्पॅनिक-सर्व्हिंग’ अशी ओळख दिसते आणि काही पालक त्यामुळे बिचकतात. अर्थ एवढाच, की पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान 25 टक्के हिस्पॅनिक आहेत. त्यासाठीचं संघराज्य सरकारचं अनुदान संस्थेला मिळतं. त्यातून उभ्या राहिलेल्या शिकवणी केंद्रात किंवा प्रयोगशाळेत तुमची मुलगीही बसू शकते. 2025 मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं यातल्या मोठ्या भागाला कात्री लावली, तेव्हा जुन्या माहितीपत्रकांतल्या योजना आज चालू आहेत का, एवढं खात्रीनं विचारून घ्या.

एमएसच्या मुलांनी विभागाला थेट ईमेल करावा. पहिल्या वर्षी किती जणांना असिस्टंटशिप मिळाली? प्रबंध करता येतो का? कॅम्पसवरची कामं परदेशी विद्यार्थ्यांना खरोखर मिळतात का? एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि तेही साधारणपणे कॅम्पसवरच, म्हणून हा शेवटचा प्रश्न बिनमहत्त्वाचा समजू नका. उत्तर मोघम आलं, किंवा आलंच नाही, तर त्यावरूनही बरंच समजतं.

इथेच शिकणार असाल तरी हीच नजर वापरता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनं भरलेली माहिती तिच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असते. क्रमांक सोडा, आतला तक्ता उघडा. पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यम पगार किती, किती पुढे शिकायला गेले, पूर्ण फी माफी किती जणांना मिळाली, सगळं एकाखाली एक. प्लेसमेंटच्या फलकावर झळकणारं सर्वांत मोठं पॅकेज एकाच मुलाचं असतं. या तक्त्यातला मध्यम पगार मात्र नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्यांनी गाठलेला असतो. प्रवेश आणि उत्तीर्ण यांच्यातलं अंतर मोठं दिसलं तर कॉलेजात जाऊन, शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की मागे पडलेल्यांचं इथे पुढे काय होतं.