हृद्रोगनिदानात सी. टी. स्कॅन : अहवाल वाचताना

काही वर्षांपूर्वी बेचाळीस वर्षे वयाचा, धूम्रपानाची सवय असलेला एक रुग्ण आमच्याकडे आला. जिना चढताना छातीत आवळल्यासारखे होते व थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत शमते, अशी त्याची तक्रार होती. सोबत आरोग्य तपासणीत काढलेल्या सी. टी. स्कॅनचा अहवाल होता. त्यावर ‘कॅल्शियम स्कोअर शून्य’ अशी नोंद होती. ती पाहून आम्ही निश्चिंत झालो आणि अम्लपित्ताची चिकित्सा योजिली. अकराव्या दिवशी त्यास हृदयविकाराचा झटका आला. रुग्ण बचावला. यंत्राने जे दाखविले ते बरोबरच होते. त्याचा अर्थ लावण्यात आमची चूक झाली.

‘हृदयाचा सी. टी.’ या एकाच नावाने रुग्ण दोन भिन्न तपासण्यांचे अहवाल आणतात. पहिली कॅल्शियम स्कोअरची. हिच्यात शिरेतून औषध द्यावे लागत नाही व किरणोत्साराची मात्रा साधारण १ मिलिसीव्हर्ट असते. १९९० साली अगॅटस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गणनपद्धती मांडली. हृदयधमन्यांच्या भित्तीत १३० हौन्सफिल्ड एककांहून अधिक घनतेचे जे ठिपके दिसतात, त्यांचे क्षेत्रफळ व घनता यांवरून अंक काढला जातो. १०० च्या वर अंक गेल्यास प्रतिबंधक चिकित्सेचा गांभीर्याने विचार करावा; ४०० च्या वर दोष विस्तृत समजावा.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वीस कफज नानात्मज विकारांत हृदयोपलेप व धमनीप्रतिचय यांची गणना केली आहे. या संज्ञा आधुनिक व्याधीशी तंतोतंत जुळतात, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उपलेपाची कल्पना येथे समजण्यास उपयोगी पडते. कॅल्शियम हा जुना, कठीण झालेला लेप होय. नवा, मृदू व म्हणूनच फुटण्याचा संभव असलेला लेप या तपासणीत दिसतच नाही. लक्षणे नसलेल्या मध्यमवयीन व्यक्तीत शून्य अंक दिलासादायक खरा. श्रमाने छातीत दुखणाऱ्या, विशेषतः तरुण रुग्णात मात्र त्यावर विसंबू नये.

अशा रुग्णासाठी दुसरी तपासणी, म्हणजे सी. टी. अँजिओग्राफी उपयुक्त ठरते. हातातील शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन धमन्यांचा अंतर्मार्ग पाहिला जातो. धमन्या पूर्ण स्वच्छ दिसल्या तर अवरोधजन्य व्याधी जवळजवळ निश्चितपणे नाकारता येते, हे तिचे खरे बळ. मात्र कॅल्शियम फार असल्यास अवरोध आहे त्याहून मोठा भासतो. शिवाय अवरोधाची टक्केवारी रक्तप्रवाह किती घटला हे सांगत नाही. स्कॉटलंडमधील स्कॉट-हार्ट अभ्यासात छातीत दुखणारे ४१४६ रुग्ण होते. नेहमीच्या तपासण्यांच्या जोडीला ही तपासणी केलेल्या गटात पाच वर्षांत हृदयधमनीविकाराने मृत्यू वा हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के आढळले (२०१८). निदान नेमके झाल्याने प्रतिबंधक औषधे योग्य रुग्णांना मिळाली, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

रुग्ण पाठविण्यापूर्वी क्रिएटिनिन पाहावे; दमा व पूर्वी झालेली ॲलर्जी पत्रात लिहावी. नाडीची गती साठच्या आसपास आणण्यासाठी तेथे बीटा-ब्लॉकर देतात, आणि धमन्या विस्फारण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात.

येथे औषधविक्रेत्या बंधूंशी थेट संबंध येतो. वाजीकरणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिलची भेसळ वारंवार उघडकीस आली आहे. असा रुग्ण ‘मी फक्त आयुर्वेदिक घेतो’ असे सांगून स्कॅनला गेला, तर नायट्रोग्लिसरीनने त्याचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. संकोचामुळे रुग्ण हे स्वतःहून सांगत नाही. एकांतात विचारावे लागते.

‘आमच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळले’ असे सांगण्यासाठी पुन्हा कॅल्शियम स्कोअर काढण्याची प्रथाही थांबावी. स्टॅटिन घेणाऱ्यांत झटक्यांचे प्रमाण घटत असतानाही हा अंक वाढू शकतो, कारण मृदू लेप कठीण होत जातो. मग त्या अंकावरून अर्जुनाचे यश वा अपयश कसे ठरवावे?

विश्रांतीतही छातीत दुखत असेल, घाम येत असेल, तर कोणत्याही सी. टी.ची वाट न पाहता ई. सी. जी. काढून रुग्णास तत्काळ हृदयरोग विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. आमचा तो रुग्ण आजही येतो. त्याचा जुना अहवाल आम्ही टेबलाच्या खणात ठेवला आहे.