बाबांची कंबर आणि आपला क्लोज्ड लूप

इंजिनिअरिंगच्या मुलाने डॉक्टरकी का करावी, असं तुम्ही म्हणाल. पण विषय आमच्या शांती नगरच्या घरातलाच आहे. माझे बाबा रोज मीरा रोडहून चर्चगेटला लोकलने उभ्याने जातात. दोन वर्षं कंबरेखाली एकाच बाजूला दुखतंय. जिना चढताना तर जीव जातो. डॉक्टरांना संशय आला तो सॅक्रोइलियाक सांध्याचा, म्हणजे कण्याचा खालचा भाग आणि कटीचं हाड जिथे जुळतं तिथला. बाबांनी कुठेतरी ऐकलं, 'नस जाळली की दुखणं जातं.' झालं, हट्टच धरला!

मग मी वाचायला बसलो. या उपचाराचं नाव रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशन. एक्स-रेवर बघत त्या सांध्याची वेदना मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसांजवळ सुई नेतात आणि सुमारे ५०० किलोहर्ट्झचा प्रवाह सोडतात. एवढ्या फ्रीक्वेन्सीला स्नायू झटके देत नाहीत. गंमत म्हणजे सुई स्वतः तापत नाही. टोकाभोवतीचं मांस रेझिस्टन्समुळे तापतं. आपलं आय स्क्वेअर आर! टोकातला सेन्सर तापमान मोजतो आणि मशीन त्याप्रमाणे पॉवर कमी-जास्त करतं. साधारण ८० ते ९० अंश, एक-दीड मिनिट. आहे ना क्लोज्ड लूप?

पण मांस करपलं की इम्पीडन्स वाढतो आणि प्रवाह अडतो. म्हणून 'कूल्ड' प्रकारात टोकातून पाणी फिरवतात. त्यामुळे जास्त मोठा भाग तापवता येतो. इथे नसांच्या जागा माणसागणिक बदलतात, म्हणून ते उपयोगी.

आता खरी गोष्ट. सांधा दुरुस्त होत नाही, फक्त निरोप बंद होतो. नस पुन्हा वाढते, दुखणं परत येऊ शकतं. २००८ साली अमेरिकेत २८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कूल्ड पद्धतीने फायदा दिसला. पण २०१७ साली नेदरलँड्समधल्या २२८ रुग्णांच्या चाचणीत, नुसत्या व्यायामापेक्षा व्यायाम अधिक अ‍ॅब्लेशनने म्हणण्यासारखा जास्त फरक पडला नाही.

म्हणून आधी बधीर करणारं इंजेक्शन देऊन बघतात. त्याने दुखणं थांबलं, तरच पुढचा विचार. फॉल्ट कुठे आहे हे न शोधता वायर कापायची नसते, हे आपल्याला लॅबमध्ये शिकवतातच!

हे सगळं बाबांना समजावलं. ते म्हणाले, "बरं, आधी तीन महिने व्यायाम." सध्या रोज पहाटे चटई अंथरतात. आणि हो, रात्रभर पलंगावर वाकून सबमिशन लिहिणाऱ्यांनो, तुम्हीही तासातासाला उठा!