भरती करण्याआधी

डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपारा. या उपनगरांतल्या घरांमध्ये व्यसन फार वर्षं लपून राहतं, कारण माणूसच घरात फार थोडा वेळ असतो. सकाळी सातची लोकल, रात्री दहाला दाराची बेल. ऑफिस सुटल्यावर स्टेशनबाहेरच्या बारमध्ये उभ्या-उभ्या मारलेली क्वार्टर घरी पोहोचेपर्यंत बडीशेपेच्या वासाखाली दबून जाते. कॉलेजला जाणारा मुलगा रात्रभर जागतो, दिवसा झोपतो, जेवत नाही. तो अभ्यास करतोय असं आईला वाटतं, तिला वाटून घ्यायचं असतं. मग एके दिवशी नोकरी जाते, दागिना गायब होतो किंवा सोसायटीच्या जिन्यात माणूस पडलेला सापडतो. इतकी वर्षं गप्प राहिलेलं घर एका रात्रीत ठरवतं, की आता याला कुठेतरी टाकून यायचं.

‘एखादं चांगलं सेंटर सांगा’ हा त्यामुळेच नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो तिसरा किंवा चौथा प्रश्न असायला हवा. भरती हा उपचाराचा एक प्रकार आहे, आणि प्रत्येकाला त्याची गरज नसते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. उरलेले सगळे भरती व्हायला तयार नव्हते म्हणून उपचाराविना राहिले असं नाही. बहुतेक घरांना दार कुठलं ठोठवायचं हेच ठाऊक नसतं. म्हणून क्रमाने सांगतो.

आधी माहिती

तो काय घेतो, हे आधी समजून घ्या. ‘नशा करतो’ एवढ्यावर डॉक्टरला काहीच ठरवता येत नाही. दारू, गांजा, गर्द, एमडी (मेफेड्रोन), खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. एका कागदावर लिहून काढा: काय घेतो, रोज साधारण किती, किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं, पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का, मधुमेह, कावीळ, रक्तदाब आहे का, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली तर फेकू नका, सोबत न्या. खिसे तपासून घरात खटला चालवण्यासाठी ही माहिती नाही. डॉक्टरच्या टेबलावर ठेवायला आहे.

अचानक बंद करू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं इथेच घरचे चुकतात. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडणं जीवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, झोप उडते. चहाचा कप तोंडाशी नेताना निम्मा चहा बशीत सांडत असेल आणि एक घोट पोटात गेल्यावर हात स्थिर होत असेल, तर शरीर दारूवर अवलंबून आहे असंच समजा. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. घरचे याला बाहेरची बाधा समजतात आणि देवऋषी शोधतात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. 108 ला फोन करून रुग्णालयच गाठायचं.

हेच दुसऱ्या वाटेनेही घडतं. पाय मोडून माणूस हाडांच्या वॉर्डात दाखल होतो. ‘पितात का?’ असं नर्सने विचारल्यावर बायको पाहुण्यांसमोर ‘नाही’ म्हणते. तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटून पळायला बघतो आणि का ते कुणालाच कळत नाही. त्या एका प्रश्नाला खरं उत्तर द्या. डॉक्टर आधीच औषध सुरू करतील. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम यांसारखी औषधं काही दिवस देऊन कमी करत बंद केली जातात, सोबत थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व दिलं जातं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही औषधं देखरेखीखालीच घ्यायची. मेडिकलवाल्याकडून आणून स्वतः सुरू करायची नाहीत.

झोपेच्या गोळ्या, विशेषतः अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपाम (रस्त्यावर ज्यांना ‘बटण’ म्हणतात), याही एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. त्या टप्प्याटप्प्याने उतरवाव्या लागतात. गर्द बंद केल्यावर नाक-डोळे वाहतात, अंग मोडतं, जुलाब होतात. त्रास असह्य असतो. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं तो त्रास शमवतात आणि ओढ आवरतात. ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असं म्हणून ती मध्येच बंद करणं घातक आहे. एमडीसाठी असं खास औषध नाही. ते सोडल्यावर माणूस दोन-तीन दिवस नुसता झोपतो, मग खोल निराशेत जातो. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका, आत्महत्येचे विचार येतात का ते सरळ विचारा. विचारल्याने ते मनात भरत नाहीत.

बोलायचं कधी, कसं

प्यालेल्या माणसाशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही. सकाळी शुद्धीत असताना, मुलं शाळेत गेल्यावर, घरातल्या एकाच माणसाने बोलावं, आणि तो ज्याचं ऐकतो असाच माणूस त्यासाठी निवडावा. काका, मामा, मेहुणे असा गोतावळा जमवू नका. ‘तू आमचं वाटोळं केलंस’ याऐवजी घडलेलं सांगा: ‘परवा रात्री तू जिन्यात पडला होतास. दार मुलीने उघडलं. ती शाळेत गेली नाही.’ आणि लगेच पुढची एकच छोटी मागणी: ‘उद्या फक्त डॉक्टरांना भेटू. भरती व्हायचं की नाही, ते नंतर बघू.’ कुठली तारीख, कुठला डॉक्टर, हे आधी ठरवून ठेवा, कारण तो ‘बरं’ म्हणाला तर तो होकार संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही.

तो नाहीच म्हणाला, तर तुम्ही एकट्याने जा. समुपदेशक घरच्यांशीही बोलतात.

न सांगता आमटीत गोळी घालण्याचा मोह अनेकांना होतो. ‘न सांगता दारू सोडवा’ अशी स्टिकरं लोकलच्या डब्यात चिकटवलेली दिसतात. त्या पावडरींत काय असतं, हे सांगायला कुणी बांधील नसतं. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण त्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही ओढवू शकतो. रुग्णाच्या संमतीशिवाय ते कधीही द्यायचं नसतं. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी ओढ कमी करणारी औषधंही आहेत. मनोविकारतज्ज्ञ ती लिहून देतात.

कुठे जायचं

मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांसाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि केईएम, सायन, नायर यांच्या मनोविकार ओपीडी ही सरकारी-महापालिकेची दारं आहेत. केस पेपर काढून कमी खर्चात तपासणी होते. ‘वेड्यांच्या दवाखान्यात’ नेलं असं कुणी म्हणेल म्हणून वर्षभर थांबू नका. परवडत असेल तर जवळचा खासगी मनोविकारतज्ज्ञ चालेल. पूर्वी फिट आली नसेल, भ्रम झाला नसेल, दुसरा मोठा आजार नसेल आणि घरात लक्ष द्यायला शुद्धीतला माणूस असेल, तर पुष्कळांची दारू ओपीडीत येऊन-जाऊनच सुटते. या अटी पुऱ्या होत नसतील किंवा घरी राहून पुन्हा पुन्हा निसटत असेल, तर मात्र भरती योग्य.

गर्द किंवा एमडीचं असेल तर आईवडील पोलिसांना घाबरून घरी बसतात. डॉक्टर उपचारासाठी आहे, पोलिसांना कळवण्यासाठी नाही. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या 64अ कलमानुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं.

सेंटर पारखताना

1986 साली पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण आणि 1981 साली वांद्र्यात फादर जो परेरा यांनी सुरू केलेलं कृपा फाउंडेशन ही मराठी घरांना परिचित नावं. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पिणाऱ्या बाईला घर आणखी खोल लपवतं.

पण उपनगरांच्या कडेला, बंगल्यांत आणि रो-हाउसमध्ये, कितीतरी सेंटरं निघाली आहेत. पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन बघा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवायला सांगा. मनोविकारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता, हे विचारा. राहण्याची खोली आणि संडास बघू द्या म्हणा. पहिल्या महिन्यात फोनसुद्धा करू देणार नाही, असं सांगितलं तर सावध व्हा. ‘गाडी पाठवतो, मुलं येऊन उचलून नेतील’ असं ऐकलं तर तिथूनच परत फिरा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली व्यसनामुळे होणारे मानसिक आजार येतात. संमतीशिवाय दाखल करायला ठरावीक निकष, मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी आणि सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवसांची मर्यादा आहे. साखळीने बांधणं पूर्ण बेकायदा आहे. मारहाणीने दारू सुटत नाही. माणूस फक्त पुढच्या वेळी मदत मागेनासा होतो.

घरच्यांनी थांबवायचं ते

ऑफिसला फोन करून ‘त्यांना ताप आलाय’ सांगणं. उधारी फेडणं. ‘घरातच पी, पण बाहेर नको’ म्हणून बाटली आणून देणं. हे सगळं प्रेमापोटीच होतं, पण पिण्याची किंमत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याचबरोबर मारहाण सहन करणं हा उपचाराचा भाग नाही. जीवाला धोका वाटला तर 112 लावा आणि मुलांना घेऊन बाहेर पडा. बायको-आईसाठी अल्-अॅनॉनच्या सभा असतात, मुक्तांगणचा ‘सहचरी’ गट आहे. तिथे बसल्यावर पहिल्यांदा कळतं, की आपल्याच घरात हे होतं असं नाही.

परत आल्यावर

महिना-सव्वा महिन्याने तो सेंटरमधून परततो, आणि स्टेशन तेच असतं, बार तोच. घरी येण्याची वाट बदलता येईल का ते बघा. पगाराच्या दिवशी कुणीतरी सोबत राहा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी भरतात, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. पहिले तीन महिने तिथे जाणं हेच त्याचं मुख्य काम समजा. सोसायटीतल्या लोकांनी गणपतीत किंवा लग्नात ‘एका पेगने काय होतंय’ म्हणू नये, ही हात जोडून विनंती.

पुन्हा घेतली, तर आकाश कोसळलं असं समजू नका. अनेकांचं असं होतं. त्याच आठवड्यात त्याच डॉक्टरांकडे जा. गर्द घेणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एक गोष्ट नीट माहीत हवी: काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सवय उतरलेली असते आणि पूर्वीचाच डोस जीव घेतो. श्वास मंद झाला, ओठ निळे पडले तर 108.

कुठून सुरुवात करावी हे अजूनही कळत नसेल, तर 14446 हा सामाजिक न्याय मंत्रालयाचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. टेलि-मानसचा 14416 चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन व्यसनी माणसानेच करावा लागतो असं नाही. बायको, आई, भाऊ, शेजारी, कुणीही करू शकतं.