उंदरातलं एक जनुक आणि लसीचा दुसरा डोस

"लसीचा दुसरा डोस कशाला?" मुलांनी असं विचारलं की 'प्रतिकारशक्ती वाढते म्हणून' असं सांगून आपण मोकळे होतो. पण वाढते म्हणजे होतं काय?

जंतू पहिल्यांदा आला की रक्तातल्या बी पेशी आधी आयजीएम प्रकारची अँटिबॉडी (प्रतिपिंड) बनवतात. तिची पकड तशी सैलच. पुढे याच पेशींचे वंशज आयजीजी, आयजीए बनवू लागतात. शिवाय अँटिबॉडीच्या जनुकात छोटे बदल होत जातात आणि घट्ट पकडीच्या पेशी टिकतात. दुसऱ्या डोसने हे काम आणखी पुढे जातं.

ही दोन वेगळी कामं. मग यंत्रणाही दोन असतील ना? जपानमधल्या क्योटो विद्यापीठात तासुकु होन्जो यांच्या गटाने एआयडी या विकराचं जनुक उंदरांत निकामी केलं. (भ्रूणाच्या मूलपेशींत नेमकं एकच जनुक बिघडवून त्यांपासून उंदीर तयार करायचे, या तंत्राला २००७ चं नोबेल मिळालं.) निकाल २००० साली आला. उंदरांत बी पेशी होत्या, आयजीएम तर भरपूर. पण प्रकार बदलणं बंद आणि पकड सुधारणारे बदलही बंद! एकच जनुक, दोन्ही कामं.

मला हा प्रयोग वर्गात सांगण्यासारखा वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे. त्याच वर्षी हेच जनुक जन्मतः बिघडलेले रुग्णही सापडले. त्यांच्याही रक्तात आयजीएम भरपूर, तरी जिवाणूंचा संसर्ग पुन्हा पुन्हा. अशा रुग्णांना आयजीजी बाहेरून, नियमित द्यावं लागतं.