पहिले तीन लाख कोणाचे?

हे बघ, एजंटनं तुझ्यासमोर दोन कागद ठेवलेत. एकाचा हप्ता बघून पोटात गोळा आला, दुसऱ्याचा बघून वाटलं, अगं, हे तर जमेल की! कंपनी तीच, विमा तेवढाच दहा लाखांचा, आणि पैसे निम्म्याहून कमी. आता तुझ्या मनात पाल चुकचुकतेय. फसवणूक वगैरे काही नाही गं. स्वस्त कागदावर बारीक अक्षरात एक ओळ असेल, ‘डिडक्टिबल ३,००,०००’. सगळी स्वस्ताई त्या एका ओळीत आहे. ती कळली की बाकीच्या पानांना घाबरायचं कारण नाही.

डिडक्टिबल म्हणजे उंबरा समज. दवाखान्याचं बिल तो उंबरा ओलांडेपर्यंत ही कंपनी जागची हलणार नाही, ओलांडला की वरचे पैसे ती देणार. बिल अडीच लाख झालं तर या पॉलिसीतून शून्य. पाच लाख झालं तर दोन लाख. आणि इथं पुष्कळ जणी घोळ घालतात बघ, ते तीन लाख दहा लाखांतून वजा होत नाहीत. देव न करो, पण बिल तेरा लाखांवर गेलं तरी कंपनीचे दहा लाख अख्खे मिळतात. डेंगी, टायफॉईड, अपेंडिक्स अशी बरीच बिलं उंबऱ्याच्या आतच राहतात, कंपनीला त्यांची कटकट नसते, म्हणून हप्ता कमी.

को-पे हे वेगळं प्रकरण आहे, त्याची याच्याशी गल्लत करू नकोस. को-पेमध्ये प्रत्येक बिलाचे ठरावीक टक्के तू भरायचे, बिल लहान असो की मोठं. एकाच पॉलिसीत दोन्ही असू शकतात, तेव्हा एजंटला दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचार. संकोच कशाला? त्याला कमिशन मिळतंय की.

तर खरा प्रश्न असा, की पहिले तीन लाख कोण भरणार. विमा कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही. ते तुझ्या खिशातून जाऊ देत, नाहीतर दुसऱ्या पॉलिसीतून. समजा, तुझा नवरा चाकणला कंपनीत आहे आणि कंपनीनं घरच्यांचा तीन लाखांचा गट विमा काढलाय. मग पहिले तीन लाख तिकडून आणि वरचे या स्वस्त पॉलिसीतून, अशी जोडी झकास बसते. पण आधी घरात नीट विचारून घे, त्या गट विम्यात सासू-सासरे आहेत का? बहुतेक बायका धरून चालतात की आहेत. आणि दवाखान्याच्या काउंटरवर कळतं की नवरा, बायको, दोन मुलं, संपलं. (पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचं कार्ड असेल. तिथं असली उंबऱ्याची भानगडच नाही, ते कार्ड आधी वापर.)

दुसरी गोष्ट, नोकरी सुटली की गट विमाही सुटतो. स्वस्त पॉलिसी तुझ्याजवळ राहते, पण तिचा उंबरा तिथंच, आणि खालचे तीन लाख आता तुझ्या अंगावर. म्हणून राजीनामा द्यायच्या आधी विमा कंपनीला लेखी विचारायचं, की गट विम्यातून वैयक्तिक पॉलिसीत कसं यायचं. आधी म्हटलं मी, नंतर नाही.

आता जरा आकडेमोड करू, तोंड वाकडं करू नकोस. बाजारात दोन जाती आहेत, टॉप-अप आणि सुपर टॉप-अप. नावात एका शब्दाचा फरक, खिशात लाखाचा. समजा गट विमा तीन लाखांचा आणि उंबराही तीन लाखांचाच. श्रावणात सासूबाईंना डेंगी झाला, मंचरला बिल झालं १,२०,०००. दिवाळीनंतर सासऱ्यांचं बायपास, पुण्यात ४,००,०००. साधा टॉप-अप प्रत्येक बिल सुटं मोजतो. पहिलं बिल उंबऱ्याच्या आत, म्हणून शून्य. दुसऱ्यातले तीन लाख सोडून एक लाख. गट विम्यानं डेंगीचे १,२०,००० भरले, बायपाससाठी त्यात उरले १,८०,०००. सगळं मिळून बघ, १,२०,००० तुझ्या घरातून गेले. सुपर टॉप-अप मात्र वर्षभराची बिलं एकत्र करतो. एकूण ५,२०,०००, त्यातले तीन लाख गट विम्याचे, २,२०,००० सुपर टॉप-अपचे, आणि तुझ्या घरातून काही नाही. काटछाट होते ती वेगळी, तिच्यावर येतेच मी. सुपर टॉप-अपचा हप्ता थोडा जास्त असतो, तो दे. इथं काटकसर नको.

‘वर्षभर’ म्हणजे पॉलिसीचं वर्ष हं, जानेवारी ते डिसेंबर नव्हे. नूतनीकरण झालं की मोजणी पुन्हा शून्यापासून. आणि पॉलिसी सगळ्या घराची मिळून असेल तर उंबरा सगळ्यांत मिळून एकच, सुटी सुटी असेल तर प्रत्येकाचा वेगळा. नाव बघून खूश होऊ नकोस, या दोन ओळी कागदावर शोध.

मग उंबरा तीन लाखांचा घ्यायचा की पाचचा? एजंट हप्त्याकडे बोट दाखवेल. तू तिकडे बघू नकोस. वाईट वर्षातल्या वाईट रात्री तुझ्या घरातून किती पैसे उभे राहतील, तेवढंच बघ. आपल्याकडे पैसा कसा येतो ते तुला काय सांगायचं! २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव लागला. आणि एरवी कित्येकदा तोच क्रेट तोडणीची मजुरीसुद्धा सोडवत नाही. ऊस विघ्नहर कारखान्याला घाल नाहीतर भीमाशंकरला, त्याचे पैसे हंगामाच्या हिशोबानं येणार, सासऱ्यांच्या छातीत कळ आली म्हणून नाही. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं खरं, पण ते पेंडीत आणि किराण्यात कधी विरघळतं कळत नाही. टोमॅटोच्या चांगल्या सालात बसून पाच लाखांचा उंबरा घेणं सोपं वाटतं गं. पण पॉलिसी दरवर्षी चालवायची आहे.

म्हणून एका रात्री जेवणं झाल्यावर दोघं बसा. कोणाकडे हात न पसरता दोन दिवसांत हातात येईल असं काय काय आहे, ते लिहा. बचत खातं, मोडता येईल अशी ठेव. पतसंस्थेतली ठेव लिहिशील तेव्हा हेही लिही, की शनिवारी रात्री पतसंस्था बंद असते. सोनं मी त्यात धरत नाही. तू धरलंस तर तुझी मर्जी, पण मंगळसूत्र धरू नकोस. शेजारी दुसरा आकडा लिहा, गट विमा किंवा साधी पॉलिसी किती देईल. दोन्हींची बेरीज हा तुझा उंबरा. बेरीज ८०,००० आली आणि हाताशी दुसरी पॉलिसी नसेल, तर तीन लाखांचा उंबराही तुझ्यासाठी नाही, हप्ता कितीही गोड दिसला तरी.

मग काय करायचं? आधी एक साधी, खालपासून पैसे देणारी पॉलिसी घे. आरोग्य संजीवनी नावाची एक आहे, एप्रिल २०२० पासून. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, नियम सगळ्या कंपन्यांना सारखे घालून दिलेत, त्यामुळे बारीक अक्षरात वेगवेगळी भुतं नाहीत. को-पे पाच टक्के आणि खोलीचं भाडं विम्याच्या दोन टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,०००. ती तीन लाखांची घे आणि तीन लाखांच्या उंबऱ्याचा सुपर टॉप-अप वर लाव. साधी पॉलिसी तीनची आणि उंबरा पाचचा, असं मात्र करू नकोस. मधले दोन लाख कोण देणार, मी?

आता काटछाट. सगळंच बिल उंबऱ्यात मोजलं जात नाही. पॉलिसीच्या नियमात बसेल तेवढाच खर्च मोजतात. हातमोजे, नोंदणीची फी, सोबतच्या माणसाचा चहा-नाश्ता सहसा बाहेर. नुसतं सलाईन लावून संध्याकाळी घरी पाठवलं, तर तेही बहुतेक पॉलिसींत बाहेर, चोवीस तास दाखल असावं लागतं. मोतीबिंदूसारख्या काही ऑपरेशनांना यातून सूट आहे. आणि खोली! मर्यादा ५,००० ची आणि पाहुण्यांपुढे बरं दिसावं म्हणून आठ हजारांची खोली घेतलीस, तर वरचे तीन हजार भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, सगळं त्याच प्रमाणात कापतात. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेले इम्प्लांट वाचतात, बाकीचं नाही. पाहुणे दोन तास बसून जातात बाई.

कागदांचं मात्र मी सांगते तसंच करायचं, तिथं ऐकणार नाही. सुपर टॉप-अपकडे दावा करायचा तर पहिले तीन लाख खरंच खर्च झाले हे दाखवावं लागतं. अस्सल बिलं पहिली कंपनी घेऊन जाते. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच दवाखान्याकडून सगळ्या बिलांच्या, रिपोर्टांच्या शिक्का मारलेल्या प्रती माग. पहिल्या कंपनीनं किती दिले, किती कापले याचं पत्र येतं, ते जिवापाड जप. मेडिकलच्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या तर त्याच दिवशी मोबाईलवर काढून ठेव. त्यांची शाई काही महिन्यांत उडते आणि हातात कोरी पट्टी राहते. दवाखान्यात दाखल झाल्याचं दोन्ही कंपन्यांना लगेच कळव, बिल उंबऱ्याच्या आत राहील असं वाटलं तरी. वर्षात पुढं काय होईल ते आज कोणाला ठाऊक?

आणि ही सगळी फाईल एका जागी ठेव. मी माझी पहिली पॉलिसी इतकी जपून ठेवली होती की ती लग्नाच्या शालूच्या घडीत सापडली, तीही नूतनीकरणाची तारीख उलटल्यावर.

हे सगळं ऐकून धाप लागली असेल, तर एक दिलासा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच आपल्या पाठीशी. २०२३ च्या शासन निर्णयानं ती सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, हप्ता नाही आणि उंबराही नाही. मात्र ठरावीक उपचार आणि योजनेतलेच दवाखाने. दाखल होताना योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, कुठं बसतो ते आधी विचार, किंवा १५५३८८ ला फोन कर. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं वेगळं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, सासऱ्यांचं वय बसत असेल तर काढून ठेव. तुझा उपचार योजनेत बसत असेल तर खासगी पॉलिसीला हात लावायची गरज नाही. न बसला तर पॉलिसी आहे. दोन्ही असू दे.

पॉलिसीचा अर्ज भरताना सासऱ्यांची शुगर लपवू नकोस. एजंट म्हणेल, ‘वहिनी, कशाला लिहिताय?’ लिही. आधीपासूनच्या आजाराला थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, तो सरतो. लपवलेलं उघडं पडलं तर ऐन वेळी दावा नाकारतात. सुपर टॉप-अपलाही हाच नियम, तिथंही खरं लिहायचं. नवीन पॉलिसीत पहिले तीस दिवस आजाराला पैसे मिळत नाहीत, अपघाताला मात्र मिळतात. आपल्याकडे उसात बिबट्या म्हणजे काही गोष्टीतली गोष्ट नाही, आणि बिबट्याचा हल्ला हा अपघातच. वनखात्याची भरपाई मिळते ती वेगळी. उंबरा मात्र तिथंही चुकत नाही.

आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, आधी १८ टक्के होता. एजंटचा आकडा जुन्या कागदावरचा असेल तर नवा मागून घे.

कंपनीनं दावा अडवला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही.

पॉलिसी हातात आली की वाचायला ३० दिवस मिळतात, पटली नाही तर परत करता येते. तेवढ्या दिवसांत उंबऱ्याचा आकडा आणि ‘सुपर’ हा शब्द कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आणि फाईल कुठं ठेवलीस ते सासूबाईंना दाखवून ठेव. तूच दवाखान्यात असशील तेव्हा ती दुसऱ्या कोणाला तरी काढावी लागेल.