वार्ता पुढे देण्यापूर्वी
(इयत्ता चौथी ते सातवीसाठी भाषा व परिसर-अभ्यासाचा संयुक्त पाठ)

पूर्वी खेड्यात वार्ता पोचविण्याचे काम कोतवालाची दवंडी करीत असे. दवंडी कोणाच्या हुकमावरून पिटली जात आहे व तीत काय करावयास सांगितले आहे, हे ऐकणाऱ्यास तत्काळ समजे. आज ते काम बहुतांशी मोबाइलवरील गट करतात. पावसाची खबर, धानाचा भाव, रानात फुललेला पळस आणि दिल्लीतील घडामोडी एकाच पडद्यावर एकामागून एक येतात. परंतु दवंडी पिटणारा डोळ्यांसमोर उभा असे. येथे मूळ सांगणारा बहुधा दिसतच नाही. यास्तव वार्ता पारखून घेणे व पारखूनच पुढे देणे, हे आता शाळेत शिकविण्याचे कौशल्य झाले आहे.

पाठाची निकड

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. तेथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्यापूर्वी मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. मात्र यंत्रावरील मर्यादा ही मनुष्याच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही. तो विवेक लहानपणीच लावावा लागतो.

पहिला टप्पा : तीन रकाने

शिक्षकाने फळ्यावर ‘मी पाहिले’, ‘मी ऐकले’ व ‘मला वाटते’ असे तीन रकाने आखावेत. प्रत्येक मुलाने शाळेच्या वाटेवरील एक वार्ता सांगावी व ती कोणत्या रकान्यात पडते हे वर्गाने ठरवावे. ‘नाल्याला पाणी आले’ ही पाहिलेली गोष्ट होय. ‘रात्री पूर येणार आहे’ ही ऐकलेली होय. ‘यंदा पाऊस फार होईल’ हे मत होय. तिन्हींना आपापले स्थान आहे, परंतु ऐकलेले पाहिले म्हणून सांगणे व मत हे वृत्त म्हणून सांगणे, येथूनच अफवेचा जन्म होतो. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलांस प्रथम आपल्या भाषेत सांगू द्यावे. मराठी शब्द मागाहून द्यावेत.

दुसरा टप्पा : चार प्रश्न

पुढील संदेश फळ्यावर लिहावा :

‘सावधान! आपल्या जंगलात वाघ फिरत आहे. सर्वांना पाठवा.’

मग वर्गास विचारावे : कोणी पाहिले? कोठे? केव्हा? आपण काय करावे? या संदेशात एकाही प्रश्नाचे उत्तर नाही, हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचण्यास व त्यानंतर तेंदूपाने तोडण्यास आपल्या भागातील घरेच्या घरे रानात जातात. अशा वेळी खोटी आवई दोन प्रकारे घातक ठरते. पहिल्याने ती लोकांची मजुरी बुडविते. आणि वारंवार खोटी ठरल्यावर खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडविते. दुसरी हानी अधिक मोठी होय, कारण ती जिवावर बेतते.

आता मुलांकडून तोच संदेश नीट लिहून घ्यावा. त्याचा नमुना असा :

‘आज सोमवार, सकाळी सहा वाजता, तलावाच्या उत्तरेकडील मोहाच्या झाडांखाली वाघाचे ताजे ठसे दोघांनी पाहिले. वनरक्षकांना कळविले आहे. त्यांची सूचना येईपर्यंत त्या बाजूस कोणीही जाऊ नये.’

पुराच्या वार्तेसही हाच नियम लावावा. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा मार्ग बंद झाल्याची वार्ता अनेक पावसाळ्यांत आलेली आहे. वार, तारीख व वेळ नसलेले पुराचे छायाचित्र आजचे की गतवर्षीचे, हे ओळखणे कठीण असते. जुन्या चित्रावर विसंबून आजारी माणसास दवाखान्यात नेण्याचे कोणी रहित केले, तर केवढा अनर्थ होईल, हे मुलांस समजावून सांगावे.

तिसरा टप्पा : कोणास सांगावे?

वार्ता खरी असली म्हणजे ती सर्वांस सांगावीच, असे नाही. वाघाचे ठसे नेमके कोठे उमटले, हे गावाच्या गटात कळले तर माणसे वाचतात. तेच स्थळ साऱ्या जगापुढे मांडले तर बघ्यांची गर्दी लोटते आणि शिकाऱ्यास आयता माग मिळतो. आय-नॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर संकटग्रस्त प्राण्यांचे नेमके स्थळ सर्वसाधारण वाचकास दिसू दिले जात नाही, त्याचे कारण हेच. एकच वार्ता एका ठिकाणी रक्षण करते व दुसऱ्या ठिकाणी घात करते, हा या पाठातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय.

चौथा टप्पा : निसर्गाची नोंद

केवळ ‘पाठवू नका’ असे सांगितल्याने शिक्षण होत नाही. काय पाठवावे हेही दाखविले पाहिजे. वर्गाने शाळेजवळील एक मोहाचे झाड निवडावे. पाने कधी गळली, फुले कधी पडू लागली, टोळी कधी धरली, याची दर आठवड्यास तारखेसह नोंद ठेवावी. भारतात २०१० पासून चालू असलेल्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळकरी मुलांनी व शिक्षकांनी झाडांच्या केलेल्या अशाच नोंदी ऋतुबदलाच्या अभ्यासासाठी एकत्र केल्या जातात. आपल्या अंगणातील झाडाची वही शास्त्रज्ञाच्या उपयोगी पडते, हे कळल्यावर मुलांस अचूकपणाचे मोल आपोआप पटते.

शिक्षकाने घ्यावयाची काळजी

व्हॉट्सॲपच्या नियमाप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलास स्वतःहून खाते उघडता येत नाही. सबब मुलांनी प्रथम वार्ता शाळेच्या भिंतीवरील वार्ताफलकावर लिहावी व निवडक मजकूर शिक्षकाने पालकांच्या गटात द्यावा. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत. गटात स्वतः शिक्षकाने पाठविलेला प्रत्येक संदेश हा गावाच्या दृष्टीने शाळेचाच शब्द असतो, हे सदैव स्मरणात असावे.

या संदर्भात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण मननीय आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या या गावाने आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यावयाचा व मग ग्रामसभेत सर्वसंमतीने निर्णय करावयाचा, अशी रीत घालून घेतली. ऐकणे व कृती करणे यांच्यामध्ये समजून घेण्याची एक पायरी असावी, हाच त्यातील बोध.

स्वाध्याय

१. घरी आलेला एक संदेश वहीत उतरवा व चार प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत काय ते तपासा.
२. गावात आज घडलेली एक गोष्ट पाच ओळींत, वार, तारीख, वेळ व स्थळ देऊन लिहा.
३. खरी असूनही सर्वांस सांगू नये, अशी एक वार्ता कोणती? कारण द्या.