मुली कुठे जातात?

मंडळी, आजचा धडा जरा अवघड आहे. यातले शब्द सोपे आहेत, विषय अवघड आहे. हा विषय घरात कोणी मोठ्याने काढत नाही. बाया चुलीपाशी हळूच बोलतात, गडी माणसे पारावर बसून चेष्टेने बोलतात. आपण आज तो सरळ बोलू. वर्गातल्या बायांनी हा धडा वाचावा, आणि गडी माणसांनी तर वाचावाच.

शाळेत एक जाडजूड वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, सगळे त्यात लिहितात. शाळा का सोडली, त्याचाही एक रकाना असतो. आम्ही पुष्कळ वर्षे ते रजिस्टर लिहिले. मुलींच्या पुढे त्या रकान्यात काय असते? ‘लग्न झाले.’ ‘मामाच्या गावी गेली.’ ‘कामासाठी मुंबईस गेली.’ ती कोणाबरोबर गेली, कोणत्या पत्त्यावर गेली, याला रजिस्टरात रकाना नाही. गावातही हे कोणी फारसे विचारत नाही.

बहुतेक मुली खरोखरच नांदायला जातात, कामाला जातात. पण काही मुली विकल्या जातात. हो, विकल्या जातात. बैल विकतात तशा, पण बैलाच्या बाजारात पावती तरी मिळते. आपल्या देशाच्या राज्यघटनेत २३ वे कलम आहे. माणसांचा व्यापार करायचा नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. तरी तो चालतो. कसा चालतो ते बघू.

समजण्यासाठी आम्ही एक गोष्ट रचली आहे. मुलीला आपण चंपा म्हणू. चंपा पंधरा वर्षांची. दोन वर्षे पाऊस नाही. बापाच्या डोक्यावर कर्ज. अशात एक पाहुणी आली. ती परकी नव्हती. चुलत सासूच्या माहेरची, दोन-तीन लग्नांत भेटलेली. अंगावर चांगले लुगडे, हातात पेढ्यांचा पुडा.

पाहुणी म्हणाली, “वैनी, पोरीला किती दिवस शेण काढायला ठेवता? माझ्या ओळखीच्या बाई हायत. घरकाम हाय. खाणंपिणं तिकडंच, वर महिन्याला पैसे.”

आई म्हणाली, “लांब हाय वो मुंबई.”

“लांब कुठली? रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई. आणि मी हाय की तिथं!”

पाहुणीने बापाच्या हातावर काही नोटा ठेवल्या. म्हणाली, “ही उचल समजा. पोरीच्या पगारातून फिटंल.” बापाने नोटा घेतल्या. त्याने मुलगी विकली नव्हती. त्याला वाटले, उचल घेतली.

स्टेशनवर पाहुणीने चंपाला एका माणसाच्या हवाली केले. “हे माझे भाऊ, यांच्याबरोबर जा.” त्या भावाने पुढच्या गावी दुसऱ्या बाईच्या हवाली केले. चौथ्या दिवशी चंपा एका खोलीत होती. खोलीला बाहेरून कडी होती. मुंबईत कुंटणखाना चालवणाऱ्या बाईला घरवाली म्हणतात. ती घरवाली चंपाला म्हणाली, “मी तुझे पैसे मोजलेत. ते फेड, मग जा कुठं जायचं तिथं.”

कधी पाहुणी कामाचे सांगत येते, कधी लग्नाचे स्थळ येते. “हुंडा नको, मानपान नको, लग्नाचा खर्चही आमचा, फक्त लवकर उरका.” गरीब बापाला वाटते, देवच पावला. नवरदेवाचे गाव कोणी पाहिलेले नसते. अलीकडे मोबाइलवरही हे चालते. कोणी गोड बोलतो, फोटो पाठवतो, पळून जाऊ म्हणतो. पण बहुतेक वेळा दारात येणारा माणूस ओळखीचा असतो. अनोळखी माणसाच्या हातात कोण आपली लेक देईल?

आता त्या उचलीचे बघू. हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना उचल म्हणजे काय ते सांगायला नको. मुकादम दसऱ्याच्या आधी पैसे देतो. मग टनावर ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. कुंटणखान्यातली उचल याच वळणाची, पण तिला तळ नाही. घरवालीने दलालाला दिलेले पैसे मुलीच्या नावावर मांडतात. त्यावर व्याज. खोलीचे भाडे मुलीच्या नावावर, जेवण तिच्या नावावर, साडी आणि पावडरही तिच्याच नावावर. आजारी पडली तर डॉक्टरचे पैसे, आणि त्या दिवशी कमाई झाली नाही म्हणून तेही. गिऱ्हाईक पैसे घरवालीच्या हातात देते. वही घरवालीकडे. बेरीज घरवाली करते. मुलीला वाचता येत नाही. म्हणजे ती रोज फेडते आणि रोज कर्जात राहते. अशा वहीतला एक आकडा जरी तिला वाचता आला असता, तरी घरवालीला इतके सोपे गेले नसते. असो.

कोणी म्हणेल, पळून का जात नाहीत? काही पळतात. १९१७ साली मुंबईत डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यातून एक बाई पळाली. तिला धरून परत आणले आणि हाल हाल करून मारले. तो खटला फार गाजला. त्यानंतर काही वर्षांनी, १९२३ साली, मुंबई इलाख्यात या धंद्याविषयी कायदा झाला. या गोष्टीला शंभरावर वर्षे झाली. आता खोल्या बदलल्या. कामाठीपुऱ्याच्या जुन्या गल्ल्या कमी झाल्या, तिथे मोठ्या इमारती येऊ लागल्या. धंदा लॉजमध्ये, मसाजच्या दुकानांत, फोनवर गेला. कडी आणि वही मात्र बंद पडलेली नाही.

देवाच्या नावानेही पूर्वी मुली याच वाटेला लागत. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडत, ते आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. केसात जट आली की मुलगी देवीची झाली, म्हणायचे. जट म्हणजे न विंचरलेले केस. तेल-पाणी केले, कापून टाकली, की गेली. पण त्या जटेपायी कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या किती पोरी मुंबईच्या गल्ल्यांत पोचल्या! मुंबई इलाख्यात १९३४ साली याविरुद्ध कायदा झाला. कर्नाटकात १९८२ साली, महाराष्ट्रात २००५ साली पुन्हा झाला. एका गोष्टीसाठी तीन कायदे लागले, यावरून काय ते समजा.

आता एक प्रश्न वर्गात नक्की येईल. धंद्यातल्या सगळ्याच बाया विकलेल्या असतात का? नाही. काही सज्ञान बाया म्हणतात, आम्हाला कोणी विकले नाही, आमच्या पोटासाठी आम्ही हे करतो. सांगलीला अशा बायांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद नावाची संघटना आहे. आम्हाला माणूस म्हणून वागवा, पोलिसांनी मारहाण करू नये, आमच्या मुलांना शाळेत हिणवू नये, असे त्या म्हणतात. २०२२ साली सुप्रीम कोर्टानेही सांगितले, की या बायांनाही मानाने जगण्याचा हक्क आहे, पोलिसांनी त्यांना त्रास देऊ नये. आम्हाला हे पटते. कोणाही बाईवर हा धंदा करायची पाळी येऊ नये असे आम्हाला वाटते, पण म्हणून तिच्यावर थुंकायचा हक्क कोणाला मिळत नाही.

पण बाजार आहे, म्हणून दलाल आहे. भुसार बाजारात गिऱ्हाईक नसेल तर आडत्या माल उचलील का? गिऱ्हाईकाला कोवळी पोर हवी असते. तो जास्त पैसे मोजतो. म्हणून दलाल खेड्यात पंधरा वर्षांची पोर शोधत फिरतो. ते गिऱ्हाईक कोण? ते काही आकाशातून पडत नाही. पारावर चेष्टा करणाऱ्यांत एखादे असते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. १९५६ सालचा एक कायदा आहे. १९८६ साली तो सुधारला. पेपरात त्याला ‘पीटा’ म्हणतात. कुंटणखाना चालवणे, मुलगी धंद्यासाठी नेणे, कोंडून ठेवणे, सज्ञान माणसाने दुसरीच्या या कमाईवर जगणे, हे सारे गुन्हे आहेत. रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक बोलावणे हाही गुन्हा आहे, पण बाईने आपले शरीर विकले एवढ्याने ती गुन्हेगार होत नाही. शिवाय २०२४ च्या जुलैपासून नवी न्याय संहिता आली. तिच्यात माणसांच्या व्यापाराला कमीत कमी सात वर्षांची कैद आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर कमीत कमी दहा वर्षे, आणि जन्मठेपही होऊ शकते. “ती आपण होऊन आली होती” असे दलालाने म्हणून भागत नाही. फसवून आणलेल्या मुलीची संमती कायदा धरत नाही.

इथवर दलालाचे झाले. आता आपले.

१९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत पोलिसांनी कुंटणखान्यांवर मोठे छापे घातले. चारशेहून जास्त मुली सोडवल्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास नेपाळच्या होत्या. त्यांना त्यांच्या देशात पाठवायचे ठरले, तर तिकडचे सरकार लवकर घेईना. या आमच्याच मुली कशावरून, म्हणाले. या एड्स घेऊन येतील, अशी ओरड झाली. महिनोन् महिने मुली मुंबईत अडकून पडल्या. शेवटी नेपाळमधल्या संस्था पुढे आल्या, तेव्हा शंभराहून जास्त मुली परत गेल्या. त्यांतल्या काहींनी त्याच साली काठमांडूत स्वतःची संस्था काढली. तिचे नाव शक्ती समूह. विकल्या गेलेल्या मुलींनीच दुसऱ्या मुलींना आधार द्यायचा, असे तिचे काम. २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना देशात घ्यायला नको होते, त्यांना जगाने मान दिला.

पण सगळ्या मुलींना असा आधार मिळत नाही. आपल्या चंपाचे पुढे काय होते? समजा, छापा पडला. पोलिसांनी तिला सोडवले, काही दिवस ती सरकारी गृहात राहिली, मग गावी आली. आईने पोटाशी धरले. दुसऱ्या दिवशी नळावर बाया बाजूला सरकल्या. धाकट्या बहिणीला पाहायला येणार होते, ते आले नाहीत. गल्लीतली पोरे शिट्ट्या मारू लागली. महिन्याने बाप खाली मान घालून म्हणाला, “पोरी, तू तिकडंच ऱ्हा. पैसे लागले तर कळव.” पेढे घेऊन आलेली पाहुणी मात्र त्याच गावात लग्नाला येते, पुढच्या पंक्तीला जेवते. तिला कोणी काही म्हणत नाही.

चंपा परत त्याच गल्लीत गेली. या वेळी तिला कोणी फसवले नाही, कोणी कोंडले नाही. आता लोक काय म्हणतात? “बघा, आपल्या पायानं गेली. तिला तेच आवडतं.” फसवून नेलेली मुलगी आणि आपल्या पायाने गेलेली बाई, या दोघींच्या मध्ये पुष्कळदा आपल्याच गावची वेस असते.

म्हणून मुलगी बाहेर धाडताना काय करायचे ते बोलू. तुम्ही आता अक्षरे वाचता. नेणाऱ्याचे नाव, गाव, आधार कार्डावरचा पत्ता लिहून घ्या. गाडीने नेत असेल तर गाडीचा नंबर लिहा. कामाच्या घरच्या मालकिणीशी आधी फोनवर बोला, आणि शक्य तर घरचे माणूस सोबत जाऊन जागा पाहून येऊ द्या. लग्न असेल तर नवरदेवाच्या गावी चार माणसे जाऊन या. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत करा. जो खरा असेल तो रागावणार नाही. जो घाई करील, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मुलगी हरवली तर अब्रूच्या भीतीने चार दिवस घरात बसू नका. पहिल्या दिवशी ती स्टेशनवर सापडते, पाचव्या दिवशी सापडत नाही. ठाण्यात जा. “पळाली असेल कुणाबरोबर, येईल” असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. अठराच्या आतले मूल हरवले तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सुप्रीम कोर्टाने २०१३ साली सांगितले आहे. “आमच्या हद्दीत येत नाही” हेही चालत नाही, तक्रार कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. बायांना आणि विकल्या गेलेल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती कुठे बसते ते विचारा.

आज पाटीवर तीन आकडे गिरवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन. १८१ बायांच्या मदतीचा. ११२ पोलिसांचा. तिन्हींना पैसे पडत नाहीत. फोनवर हे आकडे इंग्रजी वळणाने असतात, तेव्हा तेही वळण गुरुजींकडून काढून घ्या. घरी गेल्यावर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहा, आणि लेकीकडून पाठ म्हणून घ्या. आपल्या घरचा नंबरही तिला तोंडपाठ हवा, कारण मोबाइल पहिल्यांदा काढून घेतात.